नऊ व्होल्टचे निम्मे

विश्रांतवाडीच्या चौकातल्या घड्याळवाल्याकडून तीन बटणसेल आणणं नागोरावांना काही जड नव्हतं. पण कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने सेल विकत आणायचे, म्हणजे आचाऱ्याने खानावळीचा डबा लावण्यासारखं झालं.

सेल हवे होते एका ग्रीटिंग कार्डाला. मुलगा दत्तप्रसाद सॉफ्टवेअरच्या लाटेत अमेरिकेला गेला, तिथून त्याने ते पाठवलं होतं. उघडलं की चार वर्षांचा नातू श्रीनिवास बोलायचा. बोलायचा कसला, लाह्या फुटाव्यात तसा फुटायचा. यमुनाबाईंनी उघडून उघडून सेल संपवले, तरी 'आजी'च्या पुढचं काही हाती लागलं नाही. मुलाला फोनवर विचारायची त्यांना लाज वाटे. आपल्याच नातवाचं बोलणं कळत नाही, हे सुनेच्या कानावर कसं घालायचं? नागोरावांनाही कळलं नव्हतं, पण ते ऐकताना मान डोलवत. मुलगा तिकडे बोलवत होता, तर "तिथे आपल्यावाचून कुणाचं अडलंय?" म्हणून पासपोर्टचा विषयही त्यांनीच टोलवत ठेवला होता.

घरात नऊ व्होल्टची बॅटरी होती, कार्डाला साडेचार पुरे होते. दोन सारखे रेझिस्टर जोडले की नऊचे निम्मे होतात, असं त्यांनी बायकोला ऐटीत समजावलं. यमुनाबाईंनी एवढंच विचारलं, की आतला आवाज जळाला तर दुसरा नातू कुठल्या दुकानात मिळतो.

नागोरावांनी मीटर लावला. बरोब्बर साडेचार. तो आकडा त्यांनी बायकोला दोनदा दाखवला आणि वायरी कार्डाला जोडल्या.

आतून एक म्हातारा बोलू लागला. घोगरा, एकेक अक्षर ओढत.

नागोरावांचा चेहराच उतरला. पुन्हा मीटर लावला, तर कार्ड जोडल्याबरोबर साडेचारचे तीन झाले होते, म्हणूनच नातवाचा आवाज असा रेंगाळत होता. कार्ड वीज ओढणार आणि व्होल्ट पडणार, हे त्यांनी नव्या कामगारांना जन्मभर ओरडून शिकवलं होतं.

"अगदी तुमच्यावर गेलाय," यमुनाबाई म्हणाल्या.

पाच मिनिटांत दुरुस्त करतो, असं पुटपुटत ते वायर सोडवायला लागले. यमुनाबाईंनी त्यांचा हात धरला, कार्ड पुन्हा उघडलं आणि कान लावला.

"आजी... तू... इकडे... ये. मला... गोष्ट... सांग. आजोबा... आले... तरी... चालतील."

यमुनाबाईंना हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. नागोरावांनी आणखी तीनदा ऐकलं. मग चष्मा पुसत, बॅटरीलाच विचारावं तसं म्हणाले, "पासपोर्टला फोटो किती लागतात गं?"

"माझे लागतील तेवढे काढू," यमुनाबाई डोळे टिपत म्हणाल्या. "तुमचं नुसतं चालण्यावर आहे."