दारातली दोन मिनिटं

पाळणाघराच्या दाराला कमरेइतकी अर्धी फळी होती, मुलं बाहेर पळू नयेत म्हणून. संध्याकाळी सहा वाजता फळीपलीकडे ताई उभ्या असायच्या. एका कडेवर आमचा टिल्लू, दुसऱ्या हातात त्याची पिशवी. किती जेवला, कितीदा शी झाली, आज कुणाला चावला, हे सगळं सांगून झाल्याशिवाय मूल फळीवरून द्यायचं नाही, हा तिथला नियम. दोन मिनिटांचं काम.

मी ऐकायचे. म्हणजे एका कानाने.

दुसऱ्या कानात इअरबड असायचा. माझी स्वतःची एक रीत होती. समोर माणूस आलं की डावा काढून मुठीत धरायचा, उजवा राहू द्यायचा आणि चेहरा हसरा ठेवायचा. दोन्ही कान बुजवून वाण्याशी बोलणाऱ्यांपेक्षा आपण बऱ्या, असं मला वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिने एक बोळा काढला की समजायचं, आपला मान राखला." त्यावर नवरा म्हणायचा, "तुझं बरंय आई. माझ्यासाठी एकही निघत नाही."

गाणी ऐकत नव्हते हो मी. टिल्लू चौदा महिन्यांचा होता आणि घरी झोपायला तास तास घ्यायचा. तो खोकला की मी उठून बसायचे, गप्प राहिला की वाकून त्याचा श्वास बघायचे. एका डॉक्टरांची मुलांच्या झोपेवरची भाषणं मला सापडली होती. बसमध्ये ती लावायचे ती पाळणाघराचा जिना उतरेपर्यंत. घरी त्याला थोपटतानाही लावायचे. तो हात वर करून माझ्या कानाशी झोंबायचा, मला वाटायचं त्याला बड हवाय. तोंडात घातला, घशात अडकला तर? मी मान फिरवून त्याची मूठ खाली धरून ठेवायचे. मग तो रडायचा.

त्या शुक्रवारी ताई नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. फळीवर कोपर टेकून, मधेच टिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवत. डॉक्टर नेमके झोपेच्या ठरावीक वेळेबद्दल सांगत होते आणि मी ते वाक्य सोडायला तयार नव्हते. ताई थांबल्या, की मी म्हणायचे, "हो हो, चालेल." शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो, नक्की. थँक्यू हं ताई," आणि टिल्लूला घेऊन जिना उतरले. वळणावर वर पाहिलं तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. मी हात हलवला.

सोमवारी फळीपलीकडे एक नवीन मुलगी होती.

"ताई सोडून गेल्या ना. तुम्हाला ठाऊकच असेल, त्यांनी सगळ्या आयांना सांगितलं होतं."

"हो, हो," मी म्हणाले. लाज वाटली, दुसरं काय.

त्या आठवड्यात टिल्लू पाळणाघरात एकाही दुपारी झोपला नाही. दार वाजलं की रांगत फळीपाशी जायचा आणि दुसरंच कुणी दिसलं की भोकाड पसरायचा. पुढच्या बुधवारी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी मला आत बोलावलं.

"त्याच्यामागे बाकीची सात मुलं उठतात. शनिवारपर्यंत बघू, नाहीतर तुम्हाला दुसरी सोय बघावी लागेल." मग जरा नरमाईने म्हणाल्या, "पण ताई तर म्हणाल्या, झोपेचं मी त्याच्या आईला नीट समजावलंय."

मी तिथेच दोन्ही बड डबीत टाकले आणि ताईंचा नंबर मागितला.

फोन बाहेरच्या बाकावर बसून लावला. पलीकडे तान्हं बाळ रडत होतं.

"टिल्लूची आई? झोपतोय का हो माझा दांडगोबा?"

"नाही ना ताई. तुम्ही त्या दिवशी काय सांगितलंत ते... माझ्या जरा लक्षात राहिलं नाही."

पलीकडचं रडणं थांबलं. मग म्हणाल्या, "राहिलं नाही की ऐकलंच नाही?"

मी हातातली बडची डबी उघडली, मिटली.

"अहो, मला वाटलंच होतं. म्हणून तर दोनदा सांगितलं. म्हटलं, ते कानातलं काढा म्हणावं, पण असं कसं म्हणणार? तुम्ही हसत होतात की." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्याला कान लागतो. झोपताना. मांडीवर घ्यायचं, आपला उजवा कान त्याच्या हाताला द्यायचा. कानाची पाळी चिमटीत धरून चोळतो आणि पाच मिनिटांत गुडूप. नव्या मुलीलाही सांगा, ती मोठाली लोंबती कानातली घालते, ती काढायला लावा."

म्हणजे तो बडसाठी झोंबत नव्हता.

"ताई, तुम्ही शेवटी काहीतरी विचारलं होतंत."

"ते काही नाही हो. मुलीच्या बाळंतपणाला कायमचीच इकडे येणार होते, म्हणून म्हटलं होतं, माझा नि टिल्लूचा एक फोटो काढा. तुम्ही नक्की म्हणालात आणि खाली गेलात. म्हटलं, घाईत असाल."

नव्या मुलीला कानाचं सांगून आले आणि त्याच रात्री टिल्लूला मांडीवर घेऊन मान खाली केली. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मूठ पुन्हा खाली दाबते की काय असं. मग पाळी धरली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कान त्याच्या हातात तसाच ठेवून मी फोनमधले फोटो चाळले. त्याच्या अंगावरच्या पुरळाचे, तापमापकाचे, प्रत्येक नव्या दाताचे, दोन हजारांच्या वर फोटो. ताई कशातच नव्हत्या. एकात फक्त उजव्या कडेने एक हात आला होता, कोपरापर्यंत, चमचा धरलेला, आणि टिल्लू आ करून त्या हाताच्या मालकिणीकडे बघत होता.

तोच पाठवला. खाली लिहिलं, "एवढाच आहे ताई. माफ करा."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "हात माझाच आहे. छान आलाय."