पांढरीची माती

"भिमाजी, हे भांडं कोंबड्यांना कुणी दिलं?"

दत्तोपंत मास्तर अंगणात उकिडवे बसून कोंबड्यांचं पाण्याचं भांडं न्याहाळत होते. धोतराचा सोगा घाणीत लोळत होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. भिमाजीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नगरच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारा माणूस बेलापूर स्टेशनावरून उन्हातान्हात सायकल रेटत आला, आणि आपण घोंगडी अंथरायच्या आत तो ह्या जागी बसला.

"मीच दिलं, मास्तर. पांढरीत गावलं हुतं. कड फुटकी, म्हनून ठिवलं कोंबड्यास्नी."

मास्तरांनी पाणी ओतून टाकलं आणि भांडं चक्क स्वतःच्या उपरण्यानं पुसलं. लाल अंगावर काळ्या रेघांची जाळी उमटली. कोंबड्या वळचणीला जाऊन कुरकुरू लागल्या.

एकोणपन्नास सालचा चैत्र होता. गावाबाहेर प्रवरेच्या काठी दोन पुरुष उंचीचं टेकाड होतं, त्याला पांढर म्हणत. कधी काळी तिथं गाव होतं म्हणे, पण ते कधी आणि कुणाचं, ह्याची पंचाईत कुणी केली नव्हती. तिथली राखेसारखी माती माळवदावर अंथरून चोपली की पावसाचा थेंब घरात उतरत नसे. भिमाजी गेली वीस वर्षं ती खणून गाड्या भरत होता. पंचक्रोशीत 'भिमाजीची माती' म्हटलं की लोक डोळे झाकून विकत घेत. दर साली पहिली कुदळ मारण्याआधी तो तिथं हळदकुंकू वाहायचा आणि पांढरीआईला सांगायचा, "पोटापुरती घेतो." आपलं पोट केवढं आहे, हे मात्र त्यानं आईला कधी सांगितलं नव्हतं.

घोंगडीवर बसल्यावर मास्तरांची कळी खुलली. नाईल नदी, सिंधू नदी, तिथली तीन-चार हजार वर्षांपूर्वीची नगरं, धान्याची कोठारं, विटांच्या विहिरी, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. भिमाजीनं न कळता मान डोलावली.

"पोरं मला विचारतात, तेव्हा आपल्याकडं काय होतं? मी छातीठोकपणे सांगतो, जंगल. आणि इथं हे भांडं!" मास्तर स्वतःवरच चिडले होते. "ह्या लोकांना लोखंड ठाऊक नसावं, भिमाजी. तांबं होतं, गारेच्या दगडाची पाती होती. पण घरं बांधून राहत होते. चूल होती, रांजण होते. तुमच्यासारखेच संसारी."

मनकर्णा, भिमाजीची बायको, गुळाचा चहा घेऊन आली. कप मास्तरांपुढं ठेवून ती दाराशी थांबली.

"एक विचारतो," मास्तर म्हणाले. "खणताना दोन मडकी कधी दिसली का? आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली?"

भिमाजीनं उलट विचारलं, "कशापायी, मास्तर?"

"दुसरीकडं एका ठिकाणी निघाली, असं एका स्नेह्यांनी कळवलंय. तान्ही मुलं गेली की त्यात ठेवून पुरत असावेत. आणि गावाबाहेर नाही बरं का, राहत्या घरात, जमिनीखाली. लांब ठेववत नसेल आईबापांना."

"घरात?" मनकर्णानं विचारलं. परक्या पुरुषासमोर ती सहसा बोलत नसे.

"हो बाई, घरातच."

"आन् कुनी न्हाई म्हनलं न्हाई त्यास्नी?"

मास्तरांना तो प्रश्न कळला नाही. भिमाजीला कळला. सोळा वर्षांपूर्वी त्यांची छबू सहा महिन्यांची होऊन गेली. मनकर्णानं त्याचे पाय धरले होते, परसात लिंबाखाली ठेवू, माझ्या नजरेसमोर राहील. तो खेकसला होता, लोक तोंडात शेण घालतील. रीतीप्रमाणं त्यानं पोर नदीकाठी नेऊन पुरली. भादव्यात पूर आला आणि तो काठच घेऊन गेला. मनकर्णा त्यावर एक अक्षर बोलली नाही. सोळा वर्षं बोलली नव्हती.

"न्हाई मास्तर," भिमाजी म्हणाला. "तसलं काय गावलं न्हाई."

मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली. कारण तिला ठाऊक होतं. तोंड बंद केलेलं मडकं म्हणजे गुप्तधन, अशी त्याची पहिल्यापासून खात्री. असं जोडमडकं दिसलं की तो दिवसभर त्यावर टोपली पालथी घालून ठेवायचा, बाकीची माणसं गेली की एकट्यानं फोडायचा, आणि घरी येऊन नशिबाला शिव्या द्यायचा. ती विचारायची, काय निघालं? तो सांगायचा, सशाची हाडकं. पहिल्या खेपेला त्याला खरंच तसं वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला वाटीएवढी कवटी हातात आली, तेव्हा तो समजून चुकला होता. तरी त्यानं तिसरं फोडलं. पुढच्यात सोनं असेल, ही आशा काही सुटली नाही.

मास्तरांना पांढर बघायची होती. तिघंही गेली. मनकर्णाला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण ती मागोमाग आली.

खणलेल्या कडेपाशी एक टोपली पालथी होती. कालच दिसलेलं, संध्याकाळी फोडायचं म्हणून राखलेलं. भिमाजी टोपलीपुढं उभा राहिला. मास्तर दुसऱ्या टोकाला खापरं वेचत होते. सायकलवर बसून माणूस निघून जाईल, आणि सगळं झाकलेलं राहील. एवढंच करायचं होतं, गप्प उभं राहायचं. पण मनकर्णा समोर येऊन उभी राहिली. टोपलीकडं बघेना, त्याच्याकडंही बघेना, नुसती उभी.

त्याच्यानं ते सोसवेना. तो बाजूला झाला आणि त्यानं टोपली उचलली.

"मास्तर, हिकडं या. मी खोटं बोललो."

मातीत दोन मडक्यांची पोटं दिसत होती, तोंडं एकमेकांत रुतलेली. मास्तर गुडघ्यांवर बसले.

"लई गावली हुती," भिमाजी म्हणाला. "समदी मी फोडली. सोन्यापायी. आत ल्हान लेकरं हायती, ते कळल्यावर बी फोडली."

मास्तर रागावतील, निदान शिव्या देतील, अशी त्याची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मास्तर फक्त म्हणाले, "आता हात लावू नका. मी पुण्याच्या जाणत्या लोकांना घेऊन येतो." आणि सायकलीकडं चालू लागले. जाताना त्यांनी भिमाजीकडं पाहिलं नाही.

दोघंच उरली. मनकर्णा मडक्यांजवळ बसली. वरची माती तिनं बोटांनी हळूच सारखी केली.

"फोडली त्यातली हाडं कुठं टाकली तुमी?"

"कुठं टाकनार," तो पुटपुटला. "मातीतच. गाडीत भरून गेली."

"म्हंजी लोकांच्या माळवदांवर."

"व्हय."

"आपल्या बी?"

आपल्या माळवदावर तर त्यानं वेचून उत्तम माती घातली होती.

मनकर्णानं बोटांची माती मडक्यांवरच झाडली. मग म्हणाली, "घरावर तरी हायत. माझी नदीनं नेली."

तो म्हणाला, "चुकलं माझं. तवाच चुकलं." सोळा वर्षांनी निघालेला तो शब्द त्याला स्वतःलाच फार तोकडा वाटला. तिनं ऐकलं की नाही, तेही त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा माळवदावर कुरडया घालत होती. तिनं वरून हाक मारली, "चिकाचं पातेलं द्या वर."

भिमाजी पातेलं घेऊन शिडीपाशी आला. एरवी कधी काढत नसे त्या वहाणा काढल्या आणि चढू लागला. वरच्या पायरीवर पोचला तेव्हा मनकर्णानं त्याचे अनवाणी पाय पाहिले. काही न बोलता तिनं कुरडयांचं फडकं ओढून घेतलं आणि शेजारी त्याच्यापुरती जागा केली.

भिमाजीनं पातेलं तिच्या हातात दिलं. माळवदावर पाऊल टाकायचा त्याला धीर झाला नाही. कुरडया संपेपर्यंत तो शिडीवरच उभा राहिला.