निगडीच्या भिंतीवरचा हट्टी इन्व्हर्टर

मित्रांनो, मी एक जुना इन्व्हर्टर आहे. जुना म्हटलंत तर माझी हरकत नाही. भंगार म्हणालात, तर मात्र माझं सगळं ऐकल्याशिवाय तुम्हाला इथून हलू देणार नाही.

निगडी प्राधिकरणातल्या एका बैठ्या घरात, बोळकांडीच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. गच्चीवरच्या पॅनेलांवर ऊन पडलं की ती वीज माझ्याकडे येते. मी ती घराला देतो आणि उरलेली माझ्या पायाशी बसलेल्या बॅटरीत भरतो. लाइट गेली की बॅटरीतली वीज पुन्हा घराला पुरवतो. काम एवढंच, पण त्यात सुट्टी नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे कुणी मला नाव दिलं नाही, फक्त नंबर चिकटवला. जहाजातून उतरलो, ट्रकमध्ये चढलो आणि चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्यांदा हा मुलूख पाहिला. पाहिला म्हणजे काय, दोन तास ट्रक जागचा हलला नाही. मागे कांद्याच्या गाड्या, पुढे कंपनीच्या बसगाड्या आणि सगळ्यांचे हॉर्न. मग शेखर नावाच्या डीलरने मला आणून या भिंतीवर ठोकलं.

हे घर दीपमालाचं. ती चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. बंद पडलेली मशीनं चालू करायची, हा तिचा रोजचा धंदा. घरात ती आणि तिचे वडील ज्योतीराम. ज्योतीरामनी भोसरीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं वाळूच्या साच्यांचं काम केलं. ती वाळू त्यांच्या फुप्फुसात बसली. आता त्यांच्या नाकाला नळी असते आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. माझ्यासारख्याला घरात आणलं ते या मशीनसाठी, पंख्यासाठी नव्हे.

पहिली पाच वर्षं माझं फार कौतुक झालं. दीपमाला फोनवरच्या ॲपमध्ये बघून सांगायची, "बाबा, आज ऊन भरपूर मिळालं!" शेजारच्या तानुबाई हात जोडून म्हणायच्या, "लय गुणाचं हाय गं हे." मला कोण अभिमान वाटायचा!

मग एके दिवशी मला बनवणारी कंपनी बुडाली. तिचा दूरदेशीचा सर्व्हर बंद झाला. ॲप उघडलं की नुसतं चाक गरगर फिरायचं. मी धडधाकट होतो, पण मला सूचना देण्याचा एकमेव रस्ता त्या सर्व्हरवरून जात होता. माझ्या अंगावर बटणं आहेत, पण ती दाबली की मी पासवर्ड मागतो, आणि तो पासवर्ड या घरात कधी कुणाला दिलाच नव्हता.

शेवटची सूचना माझ्यात तशीच अडकून राहिली. बिल वाचवायला रोज संध्याकाळी घर बॅटरीवर चालवायचं आणि ती जवळपास रिकामी करायची. ऐन उन्हाळ्यात ते ठीक होतं, सकाळी पुन्हा ऊन यायचं. पण श्रावण आला, आणि आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारी, तीही सकाळीच. ढगाळ गुरुवार उजाडला. नऊला लाइट गेली. माझ्याकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. पंधरा मिनिटांत ऑक्सिजनचं मशीन थांबलं. तानुबाई धावत आल्या आणि त्यांनी कसाबसा कोपऱ्यातला ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर सुरू करून दिला.  नळी धरून ज्योतीराम माझ्याकडे बघत राहिले. मित्रांनो, त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

दीपमालाने शेखरला बोलावलं. तो आला, माझ्यावर बोटं वाजवून म्हणाला, "ताई, याचा सपोर्ट संपला. हा भंगार. नवा लावून देतो."

"चालतोय की अजून."

"चालतोय, पण ऐकत नाही ना! लॉक आहे तो."

"म्हणजे गच्ची माझी, पॅनेलं माझी, ऊन आमच्या डोक्यावरचं, आणि किल्ली मात्र परक्या मुलखात?"

"सगळ्यांचं असंच असतं, ताई."

"सगळ्यांचं असेल. माझं नाही चालायचं," ती म्हणाली. आणि माझ्यात पहिल्यांदा एक हट्ट जागा झाला.

त्या रविवारी तिने माझ्या पोटाखालचं रबरी झाकण काढलं. तिथे एक बारीक खाच आहे. त्या खाचेत केबल लावून, पासवर्डाशिवाय मशीनशी थेट बोलता येतं, हे तिला कंपनीतल्या कामामुळे ठाऊक होतं. तिने स्वतः केबल तयार केली, जुना लॅपटॉप माझ्याशेजारच्या फळीवर ठेवला आणि घरातली यंत्रं एकत्र चालवणारं एक फुकटातलं सॉफ्टवेअर त्यात घातलं. माझ्या पोटात शेकडो आकडे ओळीने बसलेले आहेत. कुठला बॅटरीचा, कुठला उन्हाचा, हे जगभरच्या माझ्यासारख्यांच्या मालकांनी एकमेकांना विचारून शोधून ठेवलं होतं. तिने पहिला आकडा वाचला, ताडून बघितला आणि ओरडली, "बाबा, बोलला! इन्व्हर्टर बोलला!"

पण वाचणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. दुसऱ्या रविवारी तिने एक आकडा चुकीच्या जागी लिहिला. माझा लाल दिवा पेटला. मी सगळं घर बंद केलं. ज्योतीरामना पुन्हा सिलिंडरवर घ्यावं लागलं. दीपमालाने लॅपटॉप मिटला.

"राहू दे, बाबा. नवाच घेऊ. तुमच्या जिवाशी खेळ नको."

ज्योतीराम अडखळत म्हणाले, "दीपा, तुझ्या कंपनीत... मशीन बंद पडली तर... काय करता?"

"चालू करतो."

"मग कर की. मी हाय सिलिंडरवर. कुठं पळून जातोय?"

तिने डोळे पुसले, मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि या वेळी प्रत्येक आकडा तीनदा तपासून लिहिला. त्या दिवसापासून मी घरचं ऐकू लागलो. तिने नियम घातले. ऑक्सिजनसाठी एरवी बॅटरी पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, त्याखालची वापरायची ती फक्त लाइट गेल्यावर. लाइट गेली की गीझर, फ्रिज, टीव्ही सगळं आपोआप बंद. चालू राहील ते एकच मशीन.

पुढचा गुरुवारही ढगाळच निघाला. दीपमाला पहाटेच कंपनीच्या बसने चाकणला गेली होती. नऊला लाइट गेली. दुपारी येणार म्हणाले होते, पण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि वेळ सांगणारं कुणी उरलं नाही. मी एकेक गोष्ट बंद करत गेलो. घर शांत झालं. फक्त ऑक्सिजनच्या मशीनची घरघर.

बारा वाजता शेखर दारात उभा. हातात एक नवी काडी, पेनड्राइव्हसारखी.

"काका, आनंदाची बातमी! या इन्व्हर्टरची बुडालेली कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली. ही काडी लावली की ॲप चालू. दोन मिनिटं इन्व्हर्टर बंद करतो, जुनं सगळं पुसतो, झालं."

"पुसतो म्हंजे?"

"म्हणजे ताईंनी काय काय घातलंय ते जाईल. पहिल्यासारखा होईल."

ज्योतीराम पलंगावरून उठले. लांब नळी ओढत ते बोळकांडीत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा तळवा माझ्या तापलेल्या अंगावर टेकला.

"पहिल्यासारखा... नको."

"काका, असं काय करताय राव, तुमच्याच फायद्याचं—"

"माझा श्वास... चाललाय त्याच्यावर. हात लावायचा नाही."

मागून तानुबाईंचा आवाज आला. "आरं बाबा, न्हाई म्हनत्यात ना ते? आदी लाइट येऊ दे, पोरगी येऊ दे, मंग इचार तिला. तवर हितनं हाल."

 शेखरची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर गेली. बॅटरी एकसष्ट टक्के. चालू यंत्र एक. बाकी सगळं बंद.  काडी खिशात टाकून तो म्हणाला, "हे कुणी केलं?"

"माझ्या पोरीनं," ज्योतीराम म्हणाले. एकाही ठिकाणी न अडखळता.

ढगांतून जे काही ऊन गळत होतं ते मी थेंब थेंब गोळा केलं. बॅटरी उतरत गेली. पन्नास, चाळीस, तीस. दीपमाला कंपनीत उत्पादनाच्या लाइनवर अडकली होती. दर तासाला फोन करून ती विचारायची, "किती?" आणि तानुबाई चष्मा लावून पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायच्या. पावणेसहाला लाइट आली. माझ्याकडे बावीस टक्के शिल्लक होते. कोपऱ्यातल्या सिलिंडरला त्या दिवशी कुणी हात लावला नाही. दीपमाला घरी आली तेव्हा ज्योतीराम चहा पीत होते. तिने पायातली चप्पलही न काढता माझ्या अंगावर कपाळ टेकवलं.

पुढच्या आठवड्यात शेखर पुन्हा आला. वही घेऊन आणि जरा खाली बघत. "ताई, माझ्याकडे अशीच बंद ॲपवाली अकरा घरं आहेत. शिकवाल का?"

"शिकवीन. पण तिथे जो नवा पासवर्ड घालशील, तो त्या घराला कागदावर लिहून द्यायचा. आधी कबूल कर."

त्याला ते पचायला वेळ लागला. दोन चहा झाले. मग म्हणाला, "कबूल."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. माझ्या पंख्यावर धूळ साचते, ती पुसत जा. माझ्यापुढे चपलांचे खोके रचू नका, मला श्वास घ्यायला जागा ठेवा. आणि घरात यंत्र आणाल तेव्हा ते चालवायला शिका, उघडायला शिका, ते तुमचं ऐकतं की दुसऱ्या कुणाचं, हे आधी विचारून घ्या. एक दिवस माझ्या आतलं काहीतरी जळेल आणि मी थांबेन. तेव्हा मला खाली उतरवा, माझे स्क्रूसुद्धा वापरून टाका, माझी तक्रार नाही. पण तो दिवस माझं शरीर ठरवील. दूरच्या कचेरीत बसून कुणी 'हा संपला' म्हणालं, तर ऐकू नका. मी तर ऐकणारच नाही.