टायरातली माती

रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली गेशे टामेन आमच्या टायर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाली आणि पाठोपाठ मातीची पोती आली. बव्हेरियातल्या खाणीतली फिकट, मऊ माती. तिचा एकेक कण म्हणजे पापुद्र्यांची चळतच. हे पापुद्रे रबरात सुटे होऊन पसरले, तर थोड्याशा मातीनं टायर मजबूत होतो, रबरात मिसळायची काजळी कमी लागते आणि वजनही उतरतं, असं गेशेचं म्हणणं. पापुद्र्यांच्या मध्ये रबर शिरावं म्हणून मातीला आधीच एक मेणचट रसायन चोळलेलं असे. रबराचे तुकडे ताणून, घासून, फाडून बघणं हे माझं काम.

हे सगळं हिनर्क वीशमानला अजिबात रुचलं नाही. तो रबरात काजळी कालवणाऱ्या मिक्सर विभागाचा फोरमन. उभा जन्म काजळीत गेलेला. कानामागची काळी रेघ रविवारीसुद्धा निघायची नाही.

"काय डॉक्टरीणबाई, आज टायर करायचे की कुंड्या?"

"टायर. एखादी कुंडी उरली तर तुम्हाला देते, जिरेनियम लावा."

"आमच्याकडचे जिरेनियम माझं तोंड बघूनच सुकतात."

प्रयोगशाळेतल्या छोट्या मिक्सरवर मिश्रण झकास जमलं. मग हिवाळ्याच्या तोंडावर हिनर्कच्या विभागातल्या मोठ्या यंत्रावर चाचणी ठरली. सुरुवातीला रबराची पट्टी सरळ बाहेर येत होती. थोड्या वेळानं तिच्यात गाठी दिसायला लागल्या, जळका वास सुटला आणि पट्टी अडकली. साच्यात शिजून घट्ट व्हायचं रबर यंत्राच्या पोटातच शिजून बसलं होतं. हिनर्कनं बटण दाबून सगळं बंद केलं आणि माणसं घेऊन तो छिन्नीनं रबर खरवडायला बसला. त्यात छिन्नी निसटली आणि त्याचा तळहात फाटला.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. ब्रिंकहाउस यांनी या मातीबद्दल वरच्या मंडळींना मोठमोठी आश्वासनं दिलेली होती. ते म्हणाले, "माती चांगलीच आहे. मिक्सर जास्त तापवला गेला. चूक त्या विभागाची."

बँडेज बांधलेला हात टेबलावर ठेवून हिनर्क बसला होता. त्याची मान लाल झाली.

"मी सांगितलं होतं तेवढाच तापवला होता त्यांनी," गेशे म्हणाली. "मातीवरचं रसायन रबराला लवकर शिजवतं. छोट्या मिक्सरमधून माल चटकन बाहेर येतो, म्हणून तिथे ते लक्षात आलं नाही. मी आधी तपासायला हवं होतं."

"टामेनबाई, विचार करून बोला."

"विचार करूनच बोलतेय."

त्या दिवसापासून मोठं यंत्र तिला बंद झालं. ब्रिंकहाउस समोर आले की खिडकीबाहेर बघत निघून जात.

जेवताना मी तिला म्हटलं, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"हाताला टाके त्यांच्या, आणि वर चूकही त्यांचीच?" ती म्हणाली आणि वाटाण्याच्या सूपमध्ये पाव बुडवत राहिली. तिला धीर होता असं नाही. अर्धं सूप तिनं तसंच ठेवलं.

त्या आठवड्यात हिनर्क पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आला. दारातच उभा राहिला.

"शनिवारी सकाळी, यंत्रं धुवायच्या आधी, मिक्सर रिकामा असतो."

"ब्रिंकहाउसना विचारलंत?"

"मिक्सर माझ्या ताब्यात आहे. त्यांच्या ताब्यात कॉफीचं यंत्र."

मग शनिवारी ती दोघं कामाला लागली. शिजणं घडवून आणणारी रसायनं गेशेनं कमी केली. रबर शिजवणारं गंधक अगदी शेवटी, थंड केलेल्या रोलरांवर घालायचं ठरलं. हिनर्क पट्टीवरून अंगठा फिरवायचा आणि नुसतं "हं" म्हणायचा. काही शनिवार वाया गेले. एकदा दोघं इतकी भांडली की तिनं हातमोजे फेकून दिले. अखेर पट्टी गुळगुळीत निघाली.

तुकडे माझ्याकडे आले. ताणाला पक्के होते, पण घासल्यावर काजळीच्या रबरापेक्षा लवकर झिजत होते. रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी ते चालणार नव्हते. मी सांगितलं तेव्हा गेशेनं झिजलेला तुकडा उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "यातून हवा किती सुटते ते बघ."

हवा फारच कमी सुटत होती. तिला एवढ्या पापुद्र्यांना वळसे घालत बाहेर पडावं लागत होतं. म्हणजे टायरच्या आतल्या अस्तराला हे रबर चांगलं होतं.

हे आकडे वरच्या मंडळींपर्यंत गेले आणि ट्रॅक्टरच्या टायरांसाठी ते अस्तर मंजूर झालं. कँटीनमध्ये ब्रिंकहाउसनी घोषणा करताना "आमच्या विभागाचं यश" असे शब्द वापरले. मागून हिनर्क मोठ्यानं म्हणाला, "आणि मिक्सरचं!" सगळे हसले, ब्रिंकहाउसनाही हसावं लागलं.

गर्दी पांगल्यावर तो बिअरचे दोन ग्लास घेऊन गेशेकडे आला.

"माझं नाव हिनर्क. तुम्ही-बिम्ही पुरे झालं आता."

"बरं, हिनर्क. मग 'डॉक्टरीणबाई' या हाकेचं काय?"

"ती राहील," तो म्हणाला. "ती सोडायची नाही."