अडून बसलेली ग्रिप आणि गुणाबाईंचा फोटो

या मित्रांनो, जवळ या. जरा पुढे सरका, मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. मी मोडून पत्र्याच्या बंद डब्यात पडलेय, तिथूनच बोलतेय, म्हणून आवाज बारीक येईल. पण गोष्ट मनापासून सांगते.

मी एक जुनी बॅटरी ग्रिप आहे. कॅमेऱ्याच्या बुडाशी स्क्रूने बसवतात ना, ती. माझ्या पोटात दोन बॅटऱ्या मावतात. नारपोलीच्या वनिताताई लग्नाचे फोटो काढायच्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा थकत नसे, तो माझ्या जिवावर. उभा फोटो घ्यायला मनगट पिळावं लागत नसे. त्यासाठी माझ्यावर वेगळं बटण होतं. पण मी जड! संध्याकाळी ताईंचा हात भरून यायचा. सासूबाई म्हणायच्या, "वनिते, कॅमेरा हाय का पाटा?"

ताईंची खोली कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावर. सुताचे बारीक तंतू उडून माझा स्क्रू फिरवायच्या चकतीत बसायचे. ताई "उद्या पुसते" म्हणायच्या आणि विसरायच्या. चकती घट्ट बसली. मी कॅमेऱ्याला जखडले गेले, ती कायमचीच. त्यात एकदा स्वस्तातल्या बॅटऱ्या माझ्यात भरल्या. त्या आतल्या आत फुगू लागल्या. माझा जीव कोंडला, पण सांगू कुणाला?

एके दिवशी खारबाव गावी गुणाबाईंचं कीर्तन होतं. चाळीस वर्षं त्या गात होत्या, पण कीर्तनात कुणाला फोटो काढू देत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील की जाईल, सांगता येत नव्हतं. म्हणून नातीने, मेघालीने, हट्ट धरला. गातानाचा एक तरी फोटो हवा! "बरं, एकच काढा," गुणाबाई म्हणाल्या. मेघालीने ताईंना बोलावलं.

शेवटचा अभंग रंगात आला. ताईंनी कॅमेरा उचलला आणि तो बंद पडला. पिशवीत चांगली बॅटरी होती. पण फुगलेल्या बॅटऱ्या माझ्यातून निघेनात, आणि कॅमेऱ्याच्या स्वतःच्या बॅटरीची जागा मीच अडवून बसलेली!

लाऊडस्पीकरवाले इद्रीसभाई पक्कड घेऊन धावले. "ताई, तुटेल हां ही."

"तुटू द्या, भाई!"

एवढ्यात अभंग संपला, आरतीचं ताट पुढे आलं. गुणाबाईंनी हाताने थांबवलं. "जरा दमानं रं. पोरीचं यंत्र आडलंय. तंवर आजून एक म्हणते."

"आजी, डॉक्टर काय बोलले?" मेघाली कळवळली.

"डाक्टर उद्या हाय. आज माझा देव हाय."

आणि त्या गायल्या. आवाज चिरकत होता, तरी गायल्या. कडकन माझी चकती तुटली, स्क्रू फिरला, मी सुटले. ताईंनी बॅटरी घातली, माझ्या खाचेत जपलेलं कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण लावलं आणि फोटो घेतला. मिटलेले डोळे, वर गेलेला हात, उघडे ओठ.

मित्रांनो, वस्तू कितीही उपयोगी असो, तिला अधूनमधून सोडवा, पुसा, तिच्या पोटात काहीबाही भरू नका. माझी हयगय झाली, त्याचा भार एका म्हातारीच्या गळ्यावर पडला.

ऑपरेशन झालं. गुणाबाई आता गात नाहीत. कीर्तनात पुढे बसून नुसते टाळ वाजवतात. तुम्ही कुठे कीर्तनाला बसलात आणि सगळ्यांनी मिळून देवाचं नाव घेतलं, तर एकदा थोडं मोठ्याने घ्या. खारबावच्या गुणाबाईंच्या वाटचं.