टोपावरची टकटक

टण्ण!

सकाळपासून गप्प असलेल्या त्या स्वयंपाकघरात एवढाच आवाज झाला. कपडे वाळत घालायचा एक चिमटा माझ्या पोटात येऊन पडला होता. पाठोपाठ दुसरा पडला. मग पाच वर्षांची एफा माझ्यावर ओणवी झाली आणि ओरडली, "आई, या भांड्याला डोळे आहेत!"

मित्रांनो, मी भांडं नाही. मी एक जुना लोखंडी टोप आहे, लढाईला जाताना सरदार डोक्यावर घालायचे तसा. तसा म्हणजे अगदी खरा नव्हे. मी एकही लढाई पाहिलेली नाही. वेल्समधल्या एका डोंगराळ गावात, ग्विलिम लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला, आणि तेव्हा गावात घरोघरी टीव्ही आलेला होता.

घोड्यांचे नाल नि कुरणांची फाटकं बनवणाऱ्या ग्विलिमकडे एके दिवशी इद्रिस प्रॉसर आले. बगलेत जुन्या चित्रांचं पुस्तक. इद्रिस विनोदी लेखक होते. मुलांसाठी गोष्टी लिहायचे आणि मोठ्यांसाठी मध्ययुगाचा इतिहास. चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "मला असा टोप हवाय."

"का रे, कुणाशी भांडण काढलंस?"

"कुणाशी नाही. टोप घातल्यावर नाकाला खाज सुटली तर सरदार काय करत असतील, ते बघायचंय."

ग्विलिमने भाता थांबवला. "बायकोला सांगितलंस का घरी?"

"अजून नाही."

"मग जरा जाडच करतो."

असा मी जाडजूड झालो. डोळ्यांपुढे दोन फटी, तोंडावर वरखाली होणारी झडप आणि झडपेला दोन बिजागऱ्या.

इद्रिसचं लिहिणं चालायचं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाकीचे लोक सरदारांना चकाकणारे पुतळे करून ठेवत. इद्रिसच्या पुस्तकांत सरदारांना घाम यायचा, भूक लागायची, घरची आठवण यायची. राजापेक्षा राजाच्या आचाऱ्याला आणि धोबिणीला तिथे जास्त पानं मिळायची. पण अंगावर घेऊन पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून मी त्यांच्या डोक्यावर.

"इद्रिस, आधी ते लोखंड उतरव आणि जेवायला बस," बायको मेरन म्हणायची.

झडपेआडून आवाज यायचा, "राणीसाहेब, आम्ही शंभर वर्षांच्या युद्धात आहोत. जेवण रणांगणावर पाठवा."

"शंभर वर्षं थांबायला माझं सूप काही दगडाचं नाही!"

त्या सूपनेच एकदा घोटाळा केला. सरदार झडप न उघडताच सूप पीत असावेत, असं इद्रिसने लिहून टाकलं होतं. करून बघायला रविवार निवडला, आणि नेमके त्याच दिवशी गावातले पाद्री जेवायला आले. बटाट्याचं घट्ट सूप माझ्या फटींतून आत गेलं आणि बिजागऱ्यांत जाऊन बसलं. झडप अडकली ती अडकलीच. जेवणाआधीची प्रार्थना इद्रिसने आतूनच म्हटली. ग्विलिम हातोडा घेऊन आला तेव्हा पाद्री हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होते. त्या हातोड्याचा पोचा अजून माझ्या डाव्या गालावर आहे. पुस्तकात मग दुरुस्ती झाली : 'सरदार सूपच्या वाटेला जात नसावेत.'

या घरात एक नियम होता. माझी झडप खाली असली की इद्रिस मध्ययुगात गेलेले असत. त्यांना हाक मारायची नाही. पण त्यांची लेक नेस्टा हिला एक मुभा होती. तिने खुर्चीवर चढून माझ्यावर टकटक करायची. लगेच आतून घुमणारा आवाज यायचा, "कोण आहे ते? या किल्ल्याचा पहारेकरी जेवायला गेलाय!" मग झडप वर आणि गोष्ट सुरू. छापून आलेली प्रत्येक गोष्ट नेस्टाने अशी आधी ऐकलेली. नेस्टाला जांभई आली की ती गोष्ट चुलीत. किती का काम असेना, टकटकीला उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नाही.

शाळाशाळांतून मी फिरलो. मुलं मला घालायला रांगा लावायची. आतून आपलाच आवाज ऐकून खिदळायची. ते माझे सुखाचे दिवस.

मेरन गेली. नेस्टाचं लग्न झालं. आणि मग इद्रिसच्या तोंडचे शब्द जायला लागले. आधी चमच्याला ते 'सूपचं वल्हं' म्हणाले. सगळे हसले, त्यांना वाटलं विनोदच आहे. मीही तसंच समजलो. पुढे माणसांची नावं गेली, मग वाक्यं, मग सगळंच. एकदा त्यांनी मला डोक्यावर घातलं आणि झडप उघडायची कशी तेच आठवेना. आत ते इतके घाबरले की माझं लोखंड थरथरलं. त्या दिवशी नेस्टाने मला उचलून खिडकीत उलटं ठेवलं. हळूहळू माझ्यात चिमटे साठले. मित्रांनो, मला गंज चढला, पण नेस्टावर मी रागावलो नाही. मला बघितलं की तिचा हात थबकायचा, ते मला दिसत होतं.

"हे आजोबांचं आहे?" नेस्टाची लेक एफा विचारत होती. "मग चिमटे का भरलेस त्यात?"

"जागा नव्हती गं दुसरीकडे," भांडी घासत नेस्टा म्हणाली. मग आपणहून म्हणाली, "यावर टकटक केली ना, की आजोबा आतून बोलायचे."

"आता करूया?"

"आता ते बोलत नाहीत, राणी."

"पण टोपातून कुणी विचारलंय का त्यांना?"

 नेस्टाने चिमटे ओतून टाकले, फडक्याने मला पुसलं आणि बिजागऱ्यांना तेल लावलं. किती दिवसांनी! "घाबरले तर लगेच काढायचा हं," ती म्हणाली. तिच्या बोटांना मात्र घाई झाली होती.

इद्रिस खिडकीशी गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. एफाने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं माझ्यावरून फिरली, डाव्या गालावरच्या पोच्याशी थांबली. मग त्यांनीच मला उचलून डोक्यावर घातलं. झडप खाली ओढली. खट्.

टक टक.

उत्तर नाही.

टक टक, टक टक.

त्यांचे ओठ उघडले. ऊबदार श्वास माझ्या लोखंडावर आदळला. शब्द दारापर्यंत आला आणि परत फिरला. पण त्याच वेळी त्यांचे दोन्ही गाल वर चढून माझ्या कडांना टेकले. मित्रांनो, ते गाल मी ओळखतो. पहारेकऱ्याला जेवायला पाठवण्याआधी ते नेहमी असेच फुगायचे! हे बाहेर कुणाला दिसत नाही. आणि मला झडप आहे, वाचा नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी असं झडप मिटून बसलं असेल, तर त्यांना कोपऱ्यात ठेवून देऊ नका. टकटक करायचं थांबवू नका. गंजलेल्या बिजागरीला वेळ लागतो.

एफा माझ्या गार लोखंडाला कान लावून उभी होती. तिने मान वळवली आणि हळूच विचारलं, "आई, आजोबा आत आहेत ना?"

 नेस्टाने तेलकट हात झग्याला पुसला, बोट मुडपलं आणि माझ्याजवळ आणलं.