शेवटच्या ओळीतलं नाव

डफाच्या कातड्यावर, कडेपासून दोन बोटं आत, एक तपकिरी डाग… स्टोच्या धगीवर डफ फिरवता फिरवता आकारामची नजर त्या डागावर गेली आणि तिथंच अडकली. हा डाग कधीचा? परवाचा, की पहिल्यापासूनचाच? अकरा वर्षं हातातला डफ, झोपेतही नुसत्या बोटांनी ओळखावा असा, आणि आज त्याच्यावरचा एवढासा डाग ओळखीचा वाटेना. डागाचं काय एवढं, असं त्यानं स्वतःला बजावलंही. पण गेले तीन दिवस हे असंच चाललं होतं, जे आपलं म्हणून धरावं त्याच्याकडे दोनदा बघावं लागत होतं.

"अवो, जाळताय काय त्येला?" भाकरी थापता थापता बायडा ओरडली. त्यानं डफ झटक्यानं बाजूला घेतला.

आज शुक्रवार. इचलकरंजीत शुक्रवारी मागांना सुट्टी, म्हणून सयाजीचं रेकॉर्डिंग शुक्रवारीच, कारण एरवी त्याच्या खोलीच्या दोन्ही अंगांना मागांचा असा खडखडाट की माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये. सयाजी स्वतःही कालपरवापर्यंत मागावरच होता, आता कॅसेटी काढतो. दुपारी तीनला ये म्हणाला होता. आकारामची पहिली कॅसेट! चौऱ्याऐंशी सालात जो तो कॅसेट काढत सुटला होता, भजनीवाले, बँडवाले, एक नकलाकारसुद्धा, आणि शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरणारा आकाराम मात्र अकरा वर्षं नुसता हवेत बोलत आला होता. बोललं की गेलं. आता ते राहणार होतं. चांगलीच गोष्ट की! मग मंगळवारी सयाजीनं पेनाचं टोपण दातात धरून सहज विचारलं, "रचना कुणाची लिहू?", तेव्हा जीभ टाळ्याला का चिकटली? ही जीभ, जिला मैदानात दोन दोन हजार माणसांसमोर श्वास घ्यायलाही सवड नसायची, ती चक्क मुकी झाली. शेवटी "शुक्रवारी सांगतो" एवढंच ती बोलली, आणि सयाजी हसला, त्याला वाटलं शाहीर भाव खातोय.

शाहीर तरी कसला म्हणायचं त्याला? सूर लावून तो गातच नसे. डफावर थाप धरायची आणि शब्दांची सरबत्ती सुरू करायची, एकाच दमात, यमकावर यमक. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर ताल सुटत नाही. रेडिओवाल्यांनी एकदा ऐकून घेतलं, एकमेकांकडे बघितलं आणि हे कुठल्या सदरात बसवायचं, असं त्यालाच विचारलं. लोकांनी मात्र नाव पाडून टाकलं, 'आकारामचा सपाटा'. कुस्त्यांच्या मैदानात दोन जोडांच्या मधे सपाटा, गणपतीत सपाटा, फाउंड्रीच्या दारात संप असला की सपाटा. तमाशावाला न्यायला आला, गेला नाही. निवडणुकीत जीप घेऊन माणसं आली. शेवटच्या ओळीत तेवढं आमच्या साहेबांचं नाव घाल म्हणाली, बाकी तुला काय म्हणायचं ते म्हण. त्यानं जीप तशीच परत पाठवली, आणि बायडा आठ दिवस बोलली नाही. कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, हा त्याचा ताठा. शेवटच्या ओळीत नाव एकच, स्वतःचं.

आणि तिथंच तर सगळी गोम होती. फडाची रीत अशी की गाणं संपताना शेवटच्या कडव्यात आधी गुरूचं नाव घ्यायचं आणि मग आपलं. ज्याच्या गाण्यात गुरू नाही तो निगुरा. ही फडातली शिवीच, आणि आकारामनं ती अकरा वर्षं फेट्यासारखी मिरवली. कारण गुरूनंच तर हाकललं होतं… हाकललं होतं की आपणच उठून आलो? बघ, इथंही दोनदा बघावं लागतंय.

वस्ताद पिराजी. कोल्हापुरात गंगावेशीतला मोठा फड, त्यात आकाराम पाच वर्षं झीलकरी, वस्तादांच्या मागं उभा राहून ध्रुपद उचलणारा. त्र्याहत्तरच्या श्रावणात खाली कोकणात गोकुळाष्टमीचा कार्यक्रम होता. बाकीची मंडळी आदल्या दिवशीच पुढं गेलेली, आणि वस्ताद आणि तो गगनबावड्यावरून घाट उतरणाऱ्या एसटीत. दरड कोसळली, गाडी अडीच तास जागेवर. खिडकीबाहेर असं धुकं की स्वतःचा हात बाहेर काढला तर तोही दिसेना. वस्तादांना स्वस्थ बसवेना. पुढच्या सीटच्या दांडीवर त्यांनी ताल धरला आणि म्हणाले, चल, एक ओळ माझी, एक तुझी.

घाटात यष्टी, यष्टीत दाटी,
दाटीत म्हातारी, म्हातारीची पाटी,
पाटीत कोंबडी, कोंबडीला धाप,
डायवर म्हनं, धुक्यात दिसंना बाप!

सगळी गाडी हसत होती. मग चेष्टा चेष्टा करता करता मधेच कुणीतरी ते बोललं,

डोळ्याला दिसंना दरी, पर पोटात कळतंय वळण,
म्हातारी म्हनं, थांबू नगा रं, खाली रचलंय सरण…

आणि गाडी गप्प झाली. हे त्याला लख्ख आठवतं, ते गप्प होणं. कंडक्टर तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलेला आठवतो. पण बोललं कोण? आपण? आपल्याला आधी म्हातारी दिसली आणि मग ओळ सुचली, की वस्तादांनी ओळ म्हटली आणि मग आपण मागं वळून म्हातारीला शोधलं? होती तरी का म्हातारी गाडीत?

आणि त्याच दिवशी, दिवेलागणीला, कोकणातल्या देवळापुढं, भर माणसांत वस्ताद त्याला म्हणाले, "आक्या, तुझ्या गळ्यात सूर न्हाय. मागं नुसतं तोंड हलव." माणसं हसली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत आला, आणि परतीच्या वाटेवर त्यानं गाणं पुरं केलं. सुराशिवाय, नुसत्या बोलण्यानं, दात ओठ खात. शेवटची ओळ तर त्याचीच, तिच्याविषयी वाद नाही…

आकाराम बोले रोखठोक, कुनाला न्हाई शरण!

ह्या गाण्यावर त्याचं नाव झालं. मैदानात माणसं ओरडायची, सरण, सरण! आणि ती ओळ आली की दोन हजार माणसं गप्प व्हायची, एसटीसारखीच. अकरा वर्षं एकानंही विचारलं नाही, कुणाची म्हणून. त्यामुळं त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

"नाव तुमचंच सांगा की!" बायडानं भाकरी ताटात टाकली. "म्हातारं काय कॅसेट ऐकाय येणार हाय? माणूस वळखत न्हाई म्हणं आता कुणाला."

हेच तर. म्हणूनच तर त्यांना विचारून घ्यायची घाई. वस्ताद विसरत चाललेत ही बातमी त्यानं पावसाळ्यापूर्वी ऐकली होती, आणि ऐकून… खरं सांगायचं तर ऐकून त्याला हायसं वाटलं होतं. क्षणभरच. पण वाटलं होतं. जगात एकच माणूस होता, जो उठून 'ही ओळ माझी' म्हणू शकला असता. तो विसरला म्हणजे सुटलो की! आता मंगळवारपासून त्या हायसं वाटण्याचीच त्याला अशी काही शिसारी आली होती, की तीन दिवस भाकरी गोड लागेना झाली. तो उठला. डफ पिशवीत घातला. इचलकरंजीची एसटी दीडची, तिला अवकाश होता. गंगावेस वाटेवर नव्हती, तरी पाय तिकडंच वळले.

वस्तादांच्या दारात उभं राहिल्यावर मात्र त्याचं धाडस गळालं. काय विचारणार आहोत आपण? 'वस्ताद, मी चोर आहे का?' असं? म्हणावं त्यांनी, व्हय, चोर हायेस तू, निगुऱ्या, माझी ओळ चोरलीस! वहाण काढून हाणावी एक. त्याला एकाएकी वाटलं की आपण त्याचसाठी आलो आहोत. एकदा तो मार बसला की आपल्याला आपलं काय आणि परक्याचं काय ते कळेल.

"कोण, आकाराम न्हवं?" दार उघडून चिमणाबाई, वस्तादांची बायको, त्याच्याकडं बघत राहिली. "अकरा वरसांनी वाट चुकलास व्हय रं? ये की आत, हुबा का?"

वस्ताद बाजेवर बसले होते. अंगात धुवट सदरा, दाढी केलेली, केस विंचरलेले, आजारी वाटू नयेत असे. त्यांनी वर बघितलं. डोळे तेच, धारदार. आकारामचा हात आपसूक त्यांच्या पायाकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. बसा पावणं," वस्ताद म्हणाले. "कुठलं म्हणायचं?"

पावणं. पाच वर्षं ज्यांच्या मागं उभा राहिलो, त्यांनी पावणं म्हणावं.

"शिरोलीचा, वस्ताद."

"व्हय व्हय. कारखान्यात का?"

"व्हय."

चिमणाबाई चहा टाकायला गेली. मग त्यानं पिशवीतून डफ काढला, दुसरं त्याला येत तरी काय होतं? हळू आवाजात, थाप नुसती बोटांनी धरून, तो सुरू झाला. घाटात यष्टी, यष्टीत दाटी… वस्तादांनी मान उचलली. बोटं बाजेच्या लाकडावर चालू लागली, बरोबर समेवर. डायवर म्हनं, धुक्यात… आणि वस्तादांनी हात वर करून त्याला थांबवलं, डोळे मिटले, आणि पुढची ओळ स्वतः घेतली. बोलली नाही, गायली.

डोळ्याला दिसंना दरी…

सुरात! त्या ओळीला चाल होती. खाली रचलंय सरण, इथं आवाज खाली खाली, दरीत उतरावा तसा उतरला. ही ओळ चालीसकट जन्मलेली दिसते, म्हणजे यांचीच! संपलं. त्याला रडूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, एकदमच. पण लगेच दुसरं मन म्हणालं, यांच्या गळ्यात घातलं तर एसटीचं वेळापत्रकही चालीतच बाहेर पडेल. आणि हे असं मनात चाललं असताना वस्ताद थांबले नाहीत. ते शेवटाला आले, त्याच सुरात, त्याच मिटल्या डोळ्यांनी.

आकाराम बोले रोखठोक, कुनाला न्हाई शरण.

डफावरचं बोट तसंच राहिलं. ही ओळ वस्तादांना कुठून? ही तर परतीच्या वाटेवरची…

"तुझं ऐकाय मैदानात जायाचं की ते," चिमणाबाई कप ठेवत म्हणाली. "पार मागं हुबं ऱ्हायाचं, तोंडाला उपरणं लावून. मला म्हणायचं, सांगू नगंस त्येला. सरणाच्या वक्ताला गप हुतंय बघ मैदान, म्हणायचं."

म्हणजे ऐकून आलेलं. म्हणजे चालही मागाहून बसवलेली असेल. नाहीतर वस्ताद स्वतःचीच ओळ परक्याच्या तोंडून ऐकायला जात असतील. दोन्ही खरं असू शकतं, आणि आता हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. डोक्यात नुसतं धुकं. त्यानं शेवटचा जोर केला.

"वस्ताद, ही सरणाची ओळ… कुणाची म्हणायची ही?"

वस्तादांनी डोळे उघडले. असं अडाणी विचारणारा पाहुणा त्यांना आवडला नसावा.

"कुणाची म्हंजे? आकारामची. दुसऱ्या कुणाची असंल?" आणि मग, थोडं पुढं वाकून, "तुमी वळकता त्येला?"

चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला. आकारामनं तोंड उघडलं. मीच तो, एवढे दोनच शब्द. नाही आले. मीच तो म्हणायला तो कोण हे तरी ठाऊक हवं. ज्याच्यासाठी वस्ताद तोंडाला उपरणं लावून मैदानाच्या मागं उभे राहिले, ज्याची म्हणून ही ओळ इतक्या ठामपणानं सांगतात, त्या आकारामचा त्याला हेवा वाटला, चक्क हेवा, आणि बाजेसमोर बसलेला हा दुसरा, त्याला त्या घरात कुणी ओळखत नव्हतं.

"ऐकलंय नाव," तो कसाबसा म्हणाला.

"सूर न्हाय हो त्येच्या गळ्यात," वस्ताद म्हणाले. "मीच बोललो, चारचौघांत. बोलाय नगं हुतं." चहा तसाच निवत होता. "त्यो गेला मग. तिकडं शिरोलीलाच असतोय म्हणं कुठंतरी. पावणं, भेटला तर एवढं सांगा त्येला. म्हणावं, वस्तादानं बोलावलंय. जत्रंच्या आधी ये म्हणावं."

"सांगतो," आकाराम म्हणाला.

बाहेर गंगावेशीत ऊन कडक पडलं होतं आणि भाजीवाल्या एकमेकींवर ओरडत होत्या. इचलकरंजीची एसटी सुटायला अर्धा तास होता, पाय उचलायला हवे होते. तो दोनदा दारापर्यंत परत गेला. आलो वस्ताद, बोलावलंत ना, असं म्हणत आत शिरावं, पायावर डोकं ठेवावं. पण ते पुन्हा म्हणणार, बसा पावणं, कुठलं म्हणायचं? आणि मी पुन्हा सांगणार, शिरोलीचा. सांगतो म्हणालो मी. शब्द दिला. अकरा वर्षं ज्याचं नाव दर गाण्याच्या शेवटी घेत आलो, त्याला वस्तादांचा निरोप पोचवायचाय, जत्रेच्या आधी, आणि तो मला कुठं भेटेल हे या अख्ख्या कोल्हापुरात कुणाला विचारावं तेच कळत नाही.